राजाचं पोट

आमच्या संग्रहालयात दोन खोल्या खेळण्यांच्या आणि एक खोली बाहुल्यांची. खेळण्यांमध्ये चन्नपट्टणचे लाखेचे घोडे आहेत, किल्लीवर धावणारी पत्र्याची आगगाडी आहे, भातुकलीची पितळी भांडी आहेत. कुणा गोऱ्या साहेबाच्या मुलीची झोपणारी बाहुली आहे. तिचा आता एकच डोळा मिटतो, त्यामुळे ती येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारते असं वाटतं. पण शाळेच्या सहली आल्या की मुलं हे सगळं ओलांडून सरळ शेवटच्या कपाटापाशी जायची आणि हसत सुटायची. त्या कपाटात जाडा राजा होता.

राजा म्हणजे पट्टाच्या जोडीतला राजा. म्हैसुरात मुलीचं लग्न झालं की माहेरून तिला रक्तचंदनाची ही जोडी मिळते, राजा आणि राणी. नवरात्रात घरोघरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, त्यात सगळ्यांत वर ही जोडी उभी राहते आणि तिच्याशिवाय पायऱ्या मांडल्याच जात नाहीत. कारागीर लाकडात नाक, डोळे, अंग एवढंच कोरून देतो. बाकी अब्रू घरच्या बायकांनी झाकायची. दर नवरात्रात नवं वस्त्र, नवा फेटा, नवी माळ.

आमच्या राजाचं पोट एवढं सुटलं होतं की तो आपल्या पायावर उभाच राहत नसे. मागे लाकडी पाचर लावावी लागे. मुलं त्याला शेट्टी म्हणायची. प्रत्येक घरच्या पायऱ्यांवर तळाशी मातीचा शेट्टी दुकानदार आणि त्याची बायको बसलेली असतात, समोर तांदूळ-डाळीचे ढीग, आणि शेट्टीचं पोट मांडीवर आलेलं. मी कपाटाबाहेर पाटी लावली, ‘हा शेट्टी नव्हे, राजा आहे.’ त्यावर मुलं आणखीनच हसायला लागली. मला मुलांचा राग येत नाही. मला राग येतो तो ‘किती गोड’ म्हणून फोटो काढून पुढे पळणाऱ्या मोठ्यांचा, पण ते असो.

ही जोडी सिंगारम्माची. मुलगा आठव्या मजल्यावर राहायला गेला आणि तिथे पायऱ्या मांडायला जागा नाही म्हटल्यावर तिनं मातीच्या बाहुल्या शेजारणींना वाटून टाकल्या, आणि जोडी रिक्षात मांडीवर घेऊन आमच्याकडे आली. तेव्हाच म्हणाली, देत नाहीये, ठेवतेय. नातीच्या लग्नात न्यायला येईन. आमच्याकडच्या अर्ध्या बाहुल्या अशाच आहेत. संग्रहालय कसलं, पाळणाघर आहे ते. आमचे सेक्रेटरी श्रीकंठय्या यांना हे अजिबात आवडत नाही. ते म्हणाले, अम्मा, लिहून द्या. सिंगारम्मा म्हणाली, “तुमच्या आईनं तुम्हाला जन्माला घालताना काही लिहून दिलं होतं का?” श्रीकंठय्या त्यानंतर तिच्या वाटेला गेले नाहीत.

आता तिची नात चारुमती हिचं लग्न वैशाखात ठरलं आणि चैत्रातच अज्जी, म्हणजे आमची सिंगारम्मा आजी, जोडी मागायला हजर झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठीनं चालणारी, पण जिभेला काठी लागत नाही. कपाटासमोर खुर्ची ओढून बसली, राजाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “वेदा, वरवर धूळ झटक आणि दे. नेसवलेलं सोडू नकोस.” मी बरं म्हटलं. दारापर्यंत गेली, परत वळली आणि पुन्हा तेच म्हणाली. “सोडू नकोस हं.”

मग तिथेच उभी राहून तिनं विहिणीची गोष्ट काढली. विहीण म्हणजे चारुमतीची होणारी सासू पद्मासनी, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्या शाळेतली नाही, पण गावात त्या बाईंना ओळखत नाही असं कोण आहे? तिरका भांग आणि आखूड झगा लांबूनच ओळखायच्या. साखरपुड्यात म्हणे त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुमच्या जोडीबद्दल ऐकलंय, पहिल्या नवरात्रात मी ती जुनी लक्तरं सगळी काढून राजाला व्यवस्थित नेसवणार आहे. हे सांगताना सिंगारम्माचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, लक्तरं म्हटल्याचा राग आला असेल. लक्तरं म्हटलं तर कुणालाही येईल.

मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात हे खरं आहे. पण इथे कारणही होतं. राजाच्या पायाशी पिठासारखा बारीक भुसा पडला होता. लाकडाला कीड लागली होती आणि जोडी तशीच लग्नाघरी पाठवणं मला जमलं नसतं. कीड कुठवर गेलीय हे वस्त्र सोडल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा सोमवारी, संग्रहालय बंद असतं त्या दिवशी, मी राजाला टेबलावर पांढऱ्या कापडावर आडवा केला आणि चिमटा घेऊन बसले.

वरचं रेशीम निळं होतं. त्याखाली हिरवं निघालं, त्याखाली पिवळं, त्याखाली शाळेच्या गणवेशाचं निळसर सुती. कुठलंच वस्त्र कधी काढलेलं नव्हतं. दर वर्षीचं नवं जुन्यावरच गुंडाळलेलं. कांदा सोलावा तसा मी राजा सोलत होते. एका थरावर अस्सल जर होती, त्या वर्षी घरात काहीतरी चांगलं घडलं असावं. त्याखालचे थर नुसत्या मांजरपाटाचे. कुठल्याशा वर्षी फेटा चक्क रिबिनीचा होता. मी थर ओळीनं मांडत गेले, मोजायचं सोडून दिलं, आणि मनात म्हणाले, काय आळशी बायका असतील या घरच्या. पाच मिनिटं बसून जुनं सोडायला होत नव्हतं?

अगदी आत एक पांढरं धोतर होतं, विटून चहाच्या रंगाचं झालेलं, बारीक काठाचं, आणि अंगालगत शिवून टाकलेलं. त्याचे लागतील तेवढेच टाके उसवले. त्याच्याखाली, पोटावर आणि छातीवर, कापसाची एक जाड गादी बांधलेली होती, विटकरी कापडात गुंडाळून. म्हणजे पोट नुसतं कापडाचं नव्हतं. कुणीतरी ते मुद्दाम केलं होतं. मी गाठ सोडली आणि गादी बाजूला केली.

राजा राजा नव्हता. बारीक कंबर, भरलेली छाती, कारागिरानं नीट मन लावून कोरलेली एक राणी माझ्यासमोर पडली होती. जोडीतली दुसरी राणी कपाटात उभी होती, तिच्यापेक्षा बोटभर ठेंगणी.

मी उठून दार लावलं. संग्रहालयात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं, तरी लावलं. बाईमाणूस उघडं दिसलं की आपण दार लावतो, तेवढंच. मग तिच्यावर माझा रुमाल घातला, पायातली कीड शोधून औषध सोडलं आणि विचार करत बसले.

विचार करण्यासारखंच होतं. मी सगळं होतं तसं गुंडाळून दिलं असतं, तर नवरात्रात पद्मासनी बाईंनी ते सोडलंच असतं. तेही सगळ्या सोयऱ्यांसमोर, पायऱ्यांपुढे बसून. माहेरून आलेली पट्टाची जोडी आणि त्यात राजाच नाही. फसवणूक म्हणतील, अपशकुन म्हणतील, काय काय म्हणतील. चारुमतीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. आणि अज्जीला सांगावं, तर तिला हे मुळात ठाऊक तरी आहे का? जिला आयुष्यभर राजा म्हणून ओवाळलं ती राणी निघाली, हे या वयात तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी मी फोन लावला. म्हटलं, अज्जी, जरा येऊन जाल का.

“सोडलंस,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती आधी मला झाडायलाच. तुला दोनदा बजावलं होतं, तुझी आईही अशीच आगाऊ होती, तुम्हा शिकलेल्या पोरींना कान देवानं फक्त झुमक्यांसाठी दिलेत. मी ऐकून घेतलं. कीड लागली होती एवढं फक्त म्हटलं. मग तिची नजर टेबलावर गेली. रुमालाखाली झाकलेलं लाकूड दिसल्यावर तिचा आवाज खाली आला. काठी टेबलाला टेकवून ती बसली आणि सांगायला लागली, माझ्याकडे न पाहता.

तिचं माहेर नरसीपूरचं, नदीकाठचं. ती पाळण्यात असतानाच वडील गेले. आजी, म्हणजे वडिलांची आई, दुःखानं वेडीपिशी झाली आणि अस्थी सोडायला गेली तेव्हा आईच्या जोडीतला राजाही तिनं संगमात सोडून दिला. माझा राजा गेला, आता हा कशाला, म्हणाली. आईकडे एकटी राणी उरली. थोरली मावशी, दोड्डम्मा, तिचा नवरा काशीला जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. तिनं काही वर्षं वाट पाहिली आणि एक दिवस आपल्या जोडीतला राजा न्हाणीघराच्या चुलाण्यात घातला.

“त्या दिवशी पाणी फार छान तापलं होतं म्हणे,” सिंगारम्मा म्हणाली. “दोड्डम्मा हे नेहमी सांगायची. रक्तचंदन ते, निखाराही बराच वेळ टिकला.”

दोघी बहिणी मग एका घरात राहिल्या. आई रांधायची, दोड्डम्मा शेतावर जायची, कुळांशी भांडायची, तलाठ्याला चार शब्द सुनवायची, शाळेत बापाच्या जागी सही करायची. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जोडी द्यायची कुठून? कारागीर एकटा राजा कोरून देईना. जोडी एकाच लाकडाची असते, अर्धी करत नाहीत, म्हणाला. तेव्हा रात्री चिमणीच्या उजेडात दोघी बसल्या, दोन्ही राण्या पुढ्यात घेऊन. दोड्डम्माची राणी बोटभर उंच होती. आईनं आपलं एक पांढरं लुगडं फाडलं, तिला धोतर नेसवून शिवून टाकलं, फेटा बांधला.

“मला म्हणाल्या, सिंगारी, याचं वस्त्र कधी कुणाला सोडू देऊ नकोस. आणि दोड्डम्मा हसत होती. म्हणाली, ‘घरात आजवर राजा मीच होते. आता तुझ्या घरी पण मीच.’” अज्जीनं रुमालावरून एक बोट फिरवलं. “खोटं कुठे होतं त्यात?”

खोटं नव्हतंच. मला त्या क्षणी ती न पाहिलेली दोड्डम्मा फार आवडली.

पण सासर नरसीपूर नव्हतं. सासू अलमेलम्मा म्हणजे दुधात पाणी आणि पाण्यात मीठ शोधणारी. सुनेनं लावलेल्या विरजणाला नावं, सुनेच्या रांगोळीला नावं. स्वतःच्या सोवळ्याच्या साडीला तर सुनेला बोट लावू द्यायची नाही, तारेवरून पडली तरी काठीनं उचलायची. पहिल्या नवरात्रात अलमेलम्मानं जोडी उचलली, देवघरात गेली आणि दार लावून घेतलं. सिंगारम्मा बाहेर उभी. मनात एकच, म्हणाली. आता दार उघडेल आणि मला बाहेरच्या बाहेर नरसीपूरच्या गाडीत बसवतील.

दार उघडलं तेव्हा राजा नव्या रेशमात होता, चांगला गुटगुटीत दिसत होता आणि सासूचा चेहरा नेहमीसारखाच आंबट. ती एवढंच म्हणाली, “तुझ्या आईनं राजाला उपाशी ठेवलं होतं वाटतं.”

“माझ्या आईची गरिबी काढली तिनं,” सिंगारम्मा मला म्हणाली. “मी मागच्या अंगणात जाऊन रडले. ते वाक्य मी कधी विसरले नाही. पण एक कळलं मला. बाई आळशी आहे. जुनं सोडायचा कंटाळा, वरून नवं गुंडाळून मोकळी. दर वर्षी तेच. दार लावायची, वरून गुंडाळायची, बाहेर येऊन म्हणायची, घरचा राजा हडकुळा दिसला की लोक घरात डोकावतात. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मी मनातल्या मनात हसायचे. म्हटलं, एवढी कडक सासू, आणि डोळ्यांदेखत मी तिला फसवतेय. तिच्या आळसानं वाचवलं मला. ती गेल्यावर मी पण वरूनच गुंडाळत राहिले.”

ती विटकरी गादी मी रद्दीच्या कागदावर वेगळी ठेवली होती. ती उचलून तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, हे कापड कुणाचं?

तिनं पाहिलं आणि हात मागे घेतला. या वयातही, सवयीनं, हात मागे घेतला.

“हे अत्तेंचं, माझ्या सासूचं. सोवळ्याची साडी ती. हे कुठे मिळालं तुला?”

“राजाच्या अंगावर होतं, अज्जी. पोटाला आणि छातीला बांधलेलं.”

“वरच्या थरात?”

“नाही. तुमच्या आईनं नेसवलेल्या धोतराच्या आत.”

तिला ते लगेच कळलं नाही. मलाही आदल्या दिवशी कळायला वेळ लागला होता. मग तिनं ते विटलेलं धोतर मागितलं, चष्मा पुसला आणि शिवण डोळ्यांजवळ नेली. एका बाजूला मुंगीच्या पावलांसारखे बारीक टाके होते. ते आईचे, म्हणाली. दुसऱ्या बाजूला गोणपाट शिवल्यासारखे लांब, ओबडधोबड, दुसऱ्याच दोऱ्याचे टाके होते. त्यांच्यावरून तिचं बोट पुढे सरकेना. असे टाके सगळ्या घरात एकच बाई घालायची.

म्हणजे अलमेलम्मानं पहिल्याच नवरात्रात देवघराचं दार लावून धोतर उसवलं होतं. आत काय आहे ते पाहिलं होतं. आणि मग ज्या साडीला सुनेचं बोट लागू देत नव्हती ती साडी फाडून, कापूस भरून, त्या लाकडी राणीची छाती झाकली होती, पोट काढलं होतं, सुनेच्या आईनं नेसवलेलं धोतर परत वरून जसंच्या तसं शिवलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत दर वर्षी वर एक थर चढवला होता, जेणेकरून कुणी चुकून आतपर्यंत पोहोचू नये.

सिंगारम्मा रडली नाही. तिनं ती शिवण मांडीवर सरळ केली.

“मरताना तिनं माझ्या हातचं पाणी मागितलं,” ती म्हणाली. “पाजताना मी मनात म्हणत होते, कशी फसवली तुला. वेदा, ती माझ्याकडे बघत होती ग.”

मी चहा करून आणला. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, सुई-दोरा दे.

तो सगळा दिवस ती टेबलापाशी बसली होती. आधी गादी बांधली, सासूनं बांधली होती तशीच, गाठ पाठीवर. गादीला हात लावण्यापूर्वी तिनं बेसिनवर जाऊन हात धुतले. मग आईचं धोतर, मग एकेक थर. मला वाटलं होतं मी ओळीनं मांडलेत म्हणून बरं, पण तिला माझी ओळ नकोच होती. हे मुलगा झाला त्या वर्षीचं. हे यांची नोकरी गेली तेव्हाचं, माझ्या परकराचं. ही रिबीन नणंदेची, फेट्याला काही मिळेना म्हणून अत्तेंनी तिची वेणी उसवली होती आणि ती दोन दिवस बोलत नव्हती. सगळे थर चढले तेव्हा तिनं माझ्याकडून कात्री घेतली आणि अंगावरच्या हिरव्या साडीचा पदर पुढे ओढला.

मी म्हटलं, अज्जी, नवी साडी आहे.

“त्यांनी सोवळ्याची फाडली,” ती म्हणाली आणि कात्री चालवली.

राजा पुन्हा कपाटाएवढा झाला. मग मी तो प्रश्न विचारला जो मला आदल्या दिवसापासून छळत होता. पद्मासनी बाईंचं काय? त्या तर सगळं सोडणार आहेत. चारूला आधी सांगून ठेवायचं का, तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं तसं?

सिंगारम्मानं राजाचा फेटा सरळ केला. “नाही,” म्हणाली. “सांगून मला काय मिळालं? आयुष्यभर मी दाराबाहेरच उभी राहिले.”

लग्नाला मी गेले होते. जोडी तांदळाच्या परातीत ठेवली होती आणि पोरंसोरं राजाच्या पोटाला बोटं लावून पळत होती. जोडी द्यायची वेळ आली. ती नवरीच्या ओंजळीत द्यायची असते. सिंगारम्मानं राणी उचलून चारुमतीच्या हातात दिली. राजा उचलला आणि चारूला ओलांडून पद्मासनी बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. भटजींनी मान वर केली. चारूची आई हळूच म्हणाली, अत्ते, इकडे, इकडे. म्हातारीला चुकतंय असं सगळ्यांना वाटलं.

“हा तुम्ही घ्या,” सिंगारम्मा म्हणाली. “आमच्या घरात राजाला सून नेसवत नाही. सासू नेसवते. दार लावून.”

पद्मासनी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. शाळेतल्या मुली त्या नजरेला का भीत असतील ते मला कळलं. “दार लावून कशाला?”

“ते दार लावल्यावर कळतं. मला माझ्या सासूनं शिकवलं.”

मांडवात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, राजाला लाज वाटत असेल. मी तेवढी बाईंच्या हातांकडे पाहत होते. पद्मासनी बाईंनी राजा घेतला, त्याचं वजन जोखल्यासारखा एकदा वरखाली केला आणि मांडीवर ठेवला.

परतताना रिक्षात मी अज्जीवर चिडले. हा जुगार आहे, म्हटलं, पोरीच्या संसाराचा जुगार. निदान किडीचं निमित्त सांगून जोडी माझ्याकडेच ठेवायची होती. तिनं मला बोलू दिलं.

“चारूला सासू कशी मिळाली ते मला नवरात्रात कळेल,” मग ती म्हणाली. “मला स्वतःला कळेपर्यंत माझी सासू जाऊन किती वर्षं झाली, तूच बघ.”

उन्हाळा आणि पाऊस संपेपर्यंत शेवटच्या कपाटात नुसती पाचर पडून होती. ती मी काढली नाही. मुलं विचारायची, शेट्टी कुठे गेला? मी सांगायची, लग्नाला गेलाय. एवढं जेवण चालतं का लग्नात, असं एका मुलीनं विचारलं. श्रीकंठय्या म्हणायचे, तिथे दुसरं काहीतरी ठेवा. मी म्हणायची, बघते.

नवरात्रात सिंगारम्माचा गुडघा सुजला आणि तिला खाली उतरवेना. तिनं मला पाठवलं. तू जा, बघ, आणि तिथून निघाल्याबरोबर मला फोन कर. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. नवरात्रात कुणाच्याही घरी बाहुल्या बघायला जाता येतं, बोलावणं लागत नाही, गेलेल्याच्या हातात उसळीची वाटी ठरलेलीच असते, तरी पद्मासनी बाईंच्या फाटकाशी मी आधी पदर नीट केला. मनात मी उत्तरंही तयार करून ठेवली होती. त्यांनी काही म्हटलंच तर चार शब्द त्यांनाही ऐकवायचे, मग मुख्याध्यापिका असोत की कुणी असोत.

चारूनं दार उघडलं. चेहरा हसरा होता, पण नव्या सुनांचे चेहरे हसरेच असतात, त्यावर मी जात नाही. तिनंच सांगायला सुरुवात केली. अत्तेंनी मला राजाला हातच लावू दिला नाही, म्हणाली. पाहुण्यांसमोर नेसवणार होत्या, सगळ्यांना बोलावलंही होतं. पण सकाळी एकदा बघून घेते म्हणून खोलीत नेलं, दार लावलं, आणि दुपारच्या जेवणालाही बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा राजा नेसवून तयार होता. बायका विचारायला लागल्या, आमच्यासमोर करणार होता ना? तर म्हणाल्या, या घरात राजाला सासू दार लावून नेसवते.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांत वर जोडी उभी होती. राजाला जांभळं, रुंद सोनेरी काठाचं रेशीम होतं. काठाच्या खालून बोटभर हिरवं डोकावत होतं, अज्जीच्या पदराचं. म्हणजे लक्तरं काढून टाकलेली नव्हती. आणि पोट? आमच्याकडे एका पाचरीवर भागायचं. इथे राजाच्या पाठीशी जाडजूड शब्दकोश उभा करून ठेवला होता आणि तरीही तो पुढे झुकतच होता.

पद्मासनी बाई आतून वाटी घेऊन आल्या. मला बसा म्हणाल्या, उसळ दिली. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

“बारीक झाला होता,” त्या म्हणाल्या. “तुमच्या संग्रहालयात नीट खायला मिळत नसावं.”

त्यांच्या चेहऱ्यावरची घडी जराही हलली नव्हती. तयार ठेवलेली सगळी उत्तरं मी उसळीबरोबर गिळून टाकली. म्हटलं, सरकारी अनुदान कमी पडतं, बाई. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक डाव वाढला.

रस्त्यावर आल्याबरोबर फोन लावला. पहिल्या घंटेलाच तिनं उचलला. हॅलो नाही, काही नाही.

“पोट?” तिनं विचारलं.

“वाढलंय, अज्जी.”

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी पण रस्त्याच्या कडेला उभी राहून डोळे पुसत होते, आणि येणारेजाणारे बघत होते.

“बरं,” शेवटी ती म्हणाली. “उसळ कशाची होती?”